सूचना : शनिवारची राणीबाग सहल

सभासदहो, येत्या शनिवारी सकाळी साडेनऊला भायखळा स्टेशनच्या पूर्वेला तिकीट खिडकीपाशी जमायचे आहे. दहा मिनिटे वाट पाहू, मग निघू. (मागे आपण बुधवारी गेलो आणि बंद फाटक बघून परतलो, म्हणून यंदा शनिवार!)

पेंग्विनपाशी रांग असतेच, त्यामुळे आधी झाडे. १८६२ पासूनची ही बाग आहे. गोरखचिंचेचा हत्तीच्या पायासारखा बुंधा पाहायचा, आणि उर्वशीला लोंबते लाल घोस असले तर तिथेच अर्धा तास जाईल. घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती म्युझियमशेजारी आहे.

डबा घरचा, स्टीलचा. प्लास्टिक नको. नातवंडे आणणाऱ्यांनी संख्या उद्यापर्यंत कळवावी. गुडघे दुखणाऱ्यांनी संकोच करू नये, सावलीत बाके आहेत.

– सहल समिती