आईच्या दम्याचं मूळ शोधणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

आईला आता रात्री उठून बसावं लागत नाही. त्याबद्दल आभार आहेतच, पण त्याहून जास्त आभार तुमच्या दोन प्रश्नांचे. "काकू, फोडणीचा वास येतो का?" आणि "गुडघे दुखले की कुठली गोळी घेता?"

वास जाऊन कित्येक वर्षं झाली होती, पण तो दम्याच्या डॉक्टरांना सांगायचा असतो हे आम्हाला कुठं ठाऊक! नाकात मांस वाढलेलं, त्यात दमा, आणि दुखण्याची गोळी घेतली की तासा-दोन तासांत धाप. हे तिन्ही धागे एकत्र आधी कुणी जोडले नव्हते.

मग बाहेर एवढी गर्दी असताना तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलंत. पेशींच्या आवरणातल्या चरबीतून ॲराकिडोनिक ॲसिड हे मेदाम्ल सुटतं. एका वाटेनं त्याची प्रोस्टाग्लँडिन्स होतात, दुसरीनं ल्युकोट्राईन्स, दोन्ही शरीरात संदेश पोचवणारी रसायनं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळ्या पहिली वाट अडवतात. आईसारख्यांमध्ये त्यामुळे ल्युकोट्राईन्सवरचा लगाम सुटतो. श्वासनलिका आवळतात, सुजतात, चिकट कफ साठतो. "म्हणजे तूप बंद करू?" आईनं लगेच विचारलं. ही चरबी ताटातली नव्हे, तूप सोडून ते थांबत नाही, हे तुम्ही न हसता समजावलंत. मला ते फार भावलं.

घरी येऊन मी वाचत बसले. स्टॉकहोमच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी 1979 मध्ये ल्युकोट्राईन्सची ओळख पटवली. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचाही वाटा होता. त्याच वाटेवरून पुढे आलेली, ल्युकोट्राईन्सचा परिणाम रोखणारी माँटेलुकास्टची गोळी आई रोज रात्री घेते. मुख्य औषध मात्र स्टिरॉइडचा पंपच, तो बरं वाटलं म्हणून सोडायचा नाही, हे तुम्ही तिच्याकडून वदवून घेतलंत. शिवाय या गोळीनं झोप बिघडली, वाईट स्वप्नं पडली, मन उदास झालं तर लगेच कळवा, असं मला बाजूला घेऊन बजावलंत. अशी सूचना आम्हाला याआधी कुणी दिली नव्हती.

परवा दाढ काढायला गेलो, तर डेंटिस्टनी पेन उचलायच्या आत आईनं पर्समधून, तिला या दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत असं सांगणारी तुमची लाल शाईतली चिठ्ठी काढून समोर ठेवली. त्यांनी वाचली आणि पॅरासिटामॉल लिहून दिली.

पुढच्या तपासणीला येतोच आहोत. आईनं तुमच्यासाठी बेसनाचे लाडू करायचं ठरवलंय, नाही म्हणू नका.

आपली,
तुमच्या पेशंटची मुलगी