खण छापत नाहीत

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘खण प्रिंटच्या साड्या’ असा मथळा वाचला आणि हातातली कात्री बाजूला ठेवून हे पत्र लिहायला बसले. फोंड्याला गेली ३५ वर्षं मी चोळ्या-ब्लाऊज शिवते. खण छापत नाहीत हो, विणतात. आणि तेही आपल्याकडे नाही. घाटापलीकडे, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. अंगभर बारीक नक्षी, दोन्ही कडांना काठ, आणि एका चोळीपुरता तुकडा म्हणजे एक खण. म्हणून तर माझी सासू दुकानात कधी मीटर मागत नसे. ‘दोन खण दे, एक हिरवा, एक मोरपंखी,’ एवढंच. घरी आणून त्याची त्रिकोणी घडी घालून ठेवायची, ओटीला लागतो म्हणून.

दोन्हीकडचा काठ शोभेसाठी नसतो. एक काठ एका बाहीला, दुसरा दुसऱ्या बाहीला, असा हिशेब धरूनच आम्ही बेततो. गेल्या श्रावणात शेजारची सून पिशवी घेऊन आली, ‘माई, ह्या खणाची चोळी शिंवून दी.’ बघते तर काठ एकाच कडेला, तोही छापलेला. कापड उलटं केलं तर आतून फिकट. दोन बाह्या जुळवताना अर्धा दिवस गेला. शिवाय पॉलिस्टर, म्हणजे इस्त्री धरायचीही भीती. तिने दुकानात खण म्हणूनच पैसे मोजले होते, तिचा काय दोष?

खणाच्या कापडाची साडी विणतात, त्याला माझी हरकत नाही. मागावरच्या माणसाला काम मिळतं, नेसायलाही हलकी. तिला खुशाल खणाची साडी म्हणा. छापील असेल तर मात्र ‘खणासारखी नक्षी’ एवढे दोन शब्द लिहायला जागा किती लागते?

आता नवरात्र येईल. मखरोत्सवाला, म्हणजे देवीला सजवलेल्या मखरात बसवून झुलवतात तेव्हा, देवळात देवीच्या ओटीसाठी ताटं लागतील, नारळाशेजारी खण असेल. गेल्या वर्षी रांगेत माझ्या पुढे पाच-सहा ताटं होती. सवयीने मी प्रत्येकीचं कापड बोटांनी चाचपून पाहिलं. विणलेला खण एकीच्याच ताटात होता, आणि ती बाई सत्तरीच्या पुढची होती.

– एक शिवणकाम करणारी वाचक, फोंडा