एसी घेण्याआधी गच्चीकडे पाहा

सोलापूर,
२० मार्च

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. काका-काकूंसाठी जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावरचे घर घेतलेस, याचा फार आनंद झाला. परंतु तिन्ही खोल्यांत एसी बसवण्याचा तुझा बेत वाचला आणि लगेच लिहायला बसलो. एसी अवश्य घे, पण सर्वांत शेवटी आणि एकाच खोलीत. त्याआधी गच्चीकडे पाहा.

आपल्याकडे १० मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. म्हणजेच ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागतच नाही. ते लागते गच्चीला, आणि सकाळी-संध्याकाळी पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. पंख्याचा वारा गरम लागतो तेव्हा दोष पंख्याचा नसतो, त्याच्या वरच्या स्लॅबचा असतो. तुझ्या आजोळी माळवदावर मातीचा केवढा जाड थर होता, आठवते ना? खाली दुपारी चादर अंथरून आपण निवांत झोपत असू.

तो थर आता घालता येणार नाही, पण चुना देता येईल. चुनकळी भिजवून, गाळून, त्यात थोडे फेव्हिकॉल मिसळून गच्चीला दोन-तीन हात द्यायचे. पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन परत फेकतो, त्यामुळे स्लॅब मुळातच कमी तापतो. पावसात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी मार्चमध्ये हे काम करावे लागते. गच्ची सामाईक असेल तर शेजाऱ्यांची संमती आधीच घे. गच्चीवर सावलीसाठी कडबा मात्र पसरू नकोस. वाळल्या कडब्याला ठिणगी पुरते.

पश्चिमेच्या खिडकीला बांबूची चिक लावशील ती बाहेरून लाव. ऊन एकदा काचेतून आत आले की आतला पडदा तापून तीच उष्णता खोलीत राहते. काकूंना एवढे मात्र आवर्जून सांग की सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद करायच्या आणि दिवस मावळून बाहेरची हवा निवली की सगळ्या सताड उघडायच्या. दुपारी वारा यावा म्हणून खिडकी उघडी ठेवली तर झळाच आत येतात.

आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर इथे चांगला चालतो. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते, आणि कूलरला स्वतःला वीज लागते ती साधारण दीडशे-दोनशे वॅट. पहिल्या वर्षी मी दारे-खिडक्या लावून कूलर चालवला, खोलीत दमट कोंदटपणा साचला आणि वडिलांना रात्रभर गुदमरल्यासारखे झाले. त्याचे वाईट मला अजून वाटते. कूलर चालू असताना मात्र त्याची हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवीच. नळाला रोज पाणी येत नाही, हे ध्यानात घेऊन भाजी-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घालावे आणि स्वच्छ पाणी कूलरसाठी राखावे. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा उपयोग उरत नाही.

पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे घे. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा सोळा तास फिरला तर १.२ युनिट जळते, तीस वॅटचा नवा पंखा अर्ध्या युनिटातही भागवतो. एसी काकांच्या झोपायच्या खोलीत बसव आणि तो २६ वर ठेवून पंखा मंद चालू ठेव. तापमान एक अंशाने वाढवले की विजेची सुमारे सहा टक्के बचत होते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

काका-काकू राहायला येण्याआधी गच्ची पांढरी व्हायला हवी. येत्या रविवारी किल्ली पाठवलीस तर चुनकळी आणून ठेवतो आणि माणूस लावून दोन दिवसांत काम उरकून घेतो.

तुझा,
विनायक