बाओच्या सारणात काय आहे, ते मेन्यूकार्डावर लिहावे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली म्हणून गेल्या महिन्यात आम्ही घरचे सहा जण छत्रपती संभाजीनगरातील एका नव्या आशियाई फ्यूजन रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. नातवंडांचा आग्रह बाओचा, म्हणजे सारण भरून उकडलेल्या चिनी पावाचा, होता. बांबूच्या टोपलीतून वाफाळत आलेले ते पांढरेशुभ्र, सारण भरलेले गोळे पाहून आई म्हणाली, "ही तर आपली दिंडंच की!" तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. नागपंचमीला चुलीवर तवा ठेवायचा नाही, काही चिरायचे नाही, म्हणून आपल्याकडे कणकेच्या पारीत पुरण भरून, चौकोनी घडी घालून दिंडे उकडतात. फरक एवढाच की बाओची पारी मैद्याची असते आणि यीस्टने फुगवलेली असल्यामुळे कापसासारखी मऊ होते. चव खरोखर उत्तम होती, हे मला प्रथम नमूद करायचे आहे.

आई माळकरी आहे आणि नाथषष्ठीला दरवर्षी पैठणला जाते. त्यामुळे तिच्यासाठी मशरूमचे बाओ मागवण्यापूर्वी मी वाढणाऱ्या मुलाला दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा त्याने ते शाकाहारी असल्याचे सांगितले. एक बाओ खाऊन झाल्यावर सारणाचा खारट-गोडसर स्वाद कशाचा, असे माझ्या भाच्याने सहज विचारले, तेव्हा त्या मुलाने स्वयंपाकघरातून बाटली आणून दाखवली. ते ऑयस्टर सॉस होते, म्हणजे कालवांच्या अर्कापासून केलेले. आईने हातातला दुसरा बाओ ताटात ठेवला आणि पाणी मागितले. ती कोणाला काहीही बोलली नाही, पण त्या रात्री घरी आल्यावर ती बराच वेळ देवापुढे बसून होती.

त्या मुलाने फसवले, असे मला मुळीच वाटत नाही. सारणात मांसाचा तुकडा नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, एवढेच त्याला शिकवलेले असावे. पण या पाककृतींमध्ये मांसाहार तुकड्यांपेक्षा सॉसमध्ये आणि चरबीमध्ये अधिक दडलेला असतो. चिनी स्वयंपाकात मशरूम आणि पालेभाज्यांना ऑयस्टर सॉस सर्रास घालतात, थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत माशांचे सॉस असते आणि बाओचे पीठ मऊ राहावे म्हणून काही पारंपरिक कृतींत डुकराची चरबीही मिसळतात. थाळीतली भाजी निदान डोळ्यांना दिसते. चारी बाजूंनी बंद असलेल्या बाओत काय आहे, हे खाणाऱ्याला सांगितल्याशिवाय कळणार कसे? शिवाय टोपल्या एकावर एक रचून उकडतात, तेव्हा वरच्या टोपलीतले पाणी आणि चरबी खालच्या टोपलीत ठिबकू शकते. मांसाचे बाओ वर आणि भाजीचे खाली असतील, तर सारण कितीही काळजीपूर्वक केले तरी उपयोग नाही.

प्रश्न केवळ माळकऱ्यांचा नाही. शेंगदाणे, सोयाबीन, कवचधारी जलचर यांची ॲलर्जी असणाऱ्यांना अशी चूक दवाखान्यापर्यंत नेऊ शकते, आणि तैवानी पद्धतीच्या दुमडलेल्या बाओवर तर शेंगदाण्याचा कूट भुरभुरण्याचीच रीत आहे. बिस्किटाच्या साध्या पुड्यावरही घटकांची यादी आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह छापलेले असते. मग तीनशे-चारशे रुपयांच्या पदार्थापुढे दोन ओळी लिहिणे जड का जावे?

बाहेरून आलेल्या पदार्थाला नाक मुरडणारे हे शहर नाही. इथला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा, तुघलकाच्या लष्कराबरोबर दौलताबादेला आला असे सांगतात, आणि तो आज आपलाच झाला आहे. बाओही रुजावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

म्हणून रेस्टॉरंटचालकांना विनंती आहे की प्रत्येक बाओपुढे सारणाबरोबर त्यातले सॉस आणि पिठातील स्निग्ध पदार्थ मराठीतही लिहावेत, शाकाहारी बाओंसाठी उकडण्याचे भांडे वेगळे ठेवावे आणि वाढणाऱ्या मुलांना बाटलीवरील घटक वाचायला शिकवावे. मशरूमपासून केलेले शाकाहारी 'ऑयस्टर' सॉस बाजारात मिळते, तेव्हा स्वादाची अडचणही राहत नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयानेही तपासणीच्या वेळी स्वच्छतेइतकेच मेन्यूकार्डाकडे लक्ष द्यावे.

आपली नम्र,
एक वाचक, छत्रपती संभाजीनगर