दालींचे घर आणि एअर इंडियाचा हत्ती

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावरचा प्रवासलेख आवडीने वाचला. मात्र त्यात चित्रकार साल्वादोर दालींच्या दोन जागांची सरमिसळ झाली आहे. फिगेरेसची, गच्चीच्या कठड्यावर अंडी मांडलेली ती लालसर इमारत म्हणजे दालींचे घर नव्हे. यादवी युद्धाच्या शेवटी जळालेल्या जुन्या नाट्यगृहात त्यांनी स्वतःच उभारलेले ते संग्रहालय आहे. ते १९७४ मध्ये खुले झाले आणि १९८९ मध्ये दाली गेल्यावर त्यांना तिथेच पुरले. त्यांचे घर कादाकेस गावाला लागून असलेल्या पोर्तलिगातच्या खाडीवर आहे. त्याच्याही छपरावर पांढरे अंडे आहे, त्यामुळे फोटो पाहून घोटाळा होऊ शकतो हे मान्य.

आमची मुलगी बार्सिलोनाला असते, तेव्हा आम्ही दोघे मुद्दाम तिकडे गेलो होतो. फिगेरेसहून बस डोंगरातली वळणे घेत कादाकेसला उतरते. तिथून टेकडी ओलांडून चालत गेले की खाली खाडी, चार होड्या आणि पांढरी घरे. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर दालींनी १९३० मध्ये इथे कोळ्यांचे एक मोडके खोपट विकत घेतले. पुढची चाळीस वर्षे शेजारची खोपटी घेत घेत त्यांनी आणि पत्नी गालाने घर वाढवले. म्हणून आत सगळा भुलभुलैया आहे: दोन पायऱ्या चढा, तीन उतरा, बोळातून वाकून जा. प्रत्येक खिडकीचा आकार निराळा, आणि बाहेर मात्र तीच खाडी.

दिंडीदरवाजातच पेंढा भरलेले पांढरे अस्वल हातात दिवा घेऊन, गळ्यात माळा घालून उभे आहे. (सौ.ना ते फार आवडले. मला नाही.) माझे मन रमले ते चित्रशाळेत. मोठे चित्र जमिनीतल्या फटीतून कप्पीने खालीवर करायची सोय आहे, म्हणजे चित्रकाराने खुर्चीवरून उठायलाच नको! झोपायच्या खोलीतून दिसेल असा एक आरसा पुढच्या खोलीत तिरका बसवला आहे. स्पेनच्या मुख्य भूमीचे पूर्वेकडचे टोक जवळच असल्याने, देशात सर्वांत आधी सूर्योदय मीच पाहतो, असे दाली अंथरुणात पडल्या पडल्या म्हणू शकत.

१९८२ मध्ये गाला गेल्यावर दालींनी हे घर सोडले आणि १९९७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आगाऊ तिकीट लागते आणि आठ-दहा जणांचा एकेक गट आत सोडतात. ही मर्यादा म्हणजे पर्यटकांवर अन्याय आहे, असे आपल्या लेखिकेचे म्हणणे. मला ते पटत नाही. त्या बोळांत पन्नास माणसे घुसली तर दिसतील फक्त पुढच्याच्या पाठी. खोलीत वेळ मोजका मिळतो हे खरे, पण बाहेर ऑलिव्हच्या बागेत हवे तितके रेंगाळता येते.

कोकणातल्या एका नामवंताच्या घराचे स्मारक झालेले मी पाहिले आहे. सारवलेली जमीन जाऊन चकचकीत लादी आली, माजघरात अर्धपुतळा बसला, आणि सहलीच्या बसमधून उतरलेली शंभर मुले पाच मिनिटांत एका दाराने आत जाऊन दुसऱ्याने बाहेर पडली. तो माणूस कुठल्या कोपऱ्यात बसून लिहायचा, हे दाखवायलाही कोणी नव्हते. पोर्तलिगातला कपाटांच्या दारांवर गालाने चिकटवलेले फोटोसुद्धा तसेच आहेत. घर घरासारखे ठेवायचे, तर गर्दीला दारात थांबवावेच लागते.

आता हत्तीबद्दल. 'भारताने दालींना हत्ती भेट दिला' हे लेखातले वाक्य वाचून, एअर इंडियाच्या मुंबई कचेरीतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्याला राहवले नाही. १९६७ मध्ये एअर इंडियाने निवडक प्रवाशांना देण्यासाठी दालींकडून चिनी मातीचे एक रक्षापात्र (अ‍ॅशट्रे) घडवून घेतले. मध्ये शिंपला, कडेने साप, आणि आधाराला हंस व हत्ती. यातला हंस उलटा धरला की हत्ती दिसतो आणि हत्ती उलटा धरला की हंस. याचे मानधन म्हणून दालींनी पैसे नव्हे, हत्तीचे पिल्लू मागितले. प्राचीन कार्थेजचा सेनापती हानिबाल याच्याप्रमाणे हत्तीवरून आल्प्स ओलांडायचा त्यांचा बेत होता म्हणे. पिल्लू बंगळूरहून विमानाने जिनिव्हाला आणि तिथून ट्रकने कादाकेसला पोहोचले. पुढे ते वलेन्सियाच्या प्राणिसंग्रहालयात गेले.

तेव्हा ती भेट नव्हती, कामाची मजुरी होती. एवढी दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, विलेपार्ले