शांतारामबापूंचे चित्रपट मुंबईत नीट दिसावेत, नीट ऐकू यावेत

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी लालबागमधल्या एका शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका आहे. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत चाळीतल्या सात-आठ मुलींना घरी बसवून मी ‘कुंकू’ दाखवला. १९३७ सालचा हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी मुद्दाम पार्श्वसंगीताविना केला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या नीराची घुसमट घरातल्या साध्यासुध्या आवाजांतून आपल्यापर्यंत पोहोचावी, हा त्यामागचा विचार होता. आम्हाला मिळालेल्या प्रतीत मात्र अखंड खरखर होती आणि शांता आपटे यांचे कित्येक संवाद त्या खरखरीत बुडून जात होते. शेवटी एका मुलीने विचारले, “बाई, आवाज बिघडलाय की पिक्चरच असा आहे?” शांततेवर उभा राहिलेला चित्रपट तिच्या कानांना बिघडलेला वाटला, आणि तिचे काहीच चुकले नव्हते.

हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये राबणारा आणि पत्र्याच्या थिएटरात दारावर उभा राहणारा हा कोल्हापूरकडचा मुलगा, म्हणजे शांताराम, मूकपटांचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झाला. त्यांच्याच १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्याने जमीन गमावून शहरातल्या गिरणीत येणारा तरुण शेतकरी उभा केला. माझे आजोबा साताऱ्याहून असेच आले होते, आमच्या चाळीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कुणी ना कुणी तसेच आले होते. आमच्या माणसांची ही गोष्ट पडद्यावर आली होती, हे आम्ही आज फक्त वाचू शकतो, कारण त्या चित्रपटाची प्रत उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची नायट्रेट फिल्मवरची रिळे जळाली, त्यांत ‘कुंकू’ काढणाऱ्या ‘प्रभात फिल्म कंपनी’ची रिळेही होती. नायट्रेट भुरकन पेटते, आणि पेटले नाही तरी वर्षानुवर्षे डब्यातल्या डब्यात कुजत जाते. म्हणूनच बापूंचे उरलेले चित्रपट दुरुस्त करून जपण्याचे काम पुढच्या अर्थसंकल्पावर ढकलू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

१९४२ साली बापूंनी परळला ‘राजकमल कलामंदिर’ सुरू केले. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त ते स्वतः डॉ. कोटणीस झाले, तर औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेल्या, गदिमांनी लिहिलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये सहा खुन्यांवर विश्वास टाकणारा जेलर त्यांनी साकारला आणि बैलाशी झुंजण्याच्या प्रसंगात डोळ्याला गंभीर इजा करून घेतली. १९५८ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवाने या चित्रपटाला ‘रौप्य अस्वल’ हा पुरस्कार दिला. त्यातले कैद्यांचे चेहरे पडद्यावर, काळ्या-पांढऱ्याच्या सगळ्या छटांसह पाहावे लागतात. मोबाईलवरच्या धुरकट प्रतीत ते सहा जण एकमेकांपासून धड वेगळेही ओळखू येत नाहीत.

आपले शासन ‘चित्रपती व्ही. शांताराम’ यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते, याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र ज्या कामामुळे ते नाव मोठे झाले, ते काम सांभाळणे हे त्या पुरस्काराइतकेच शासनाचे कर्तव्य आहे, असे मला वाटते. हक्कधारकांशी आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोलून, जी सर्वांत चांगली निगेटिव्ह वा प्रिंट शिल्लक असेल तिच्यावरून चित्र आणि ध्वनी दोन्ही दुरुस्त करून घ्यावेत. ध्वनीचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे, कारण दुरुस्तीच्या कामात बहुधा चित्राचाच विचार आधी होतो. त्यानंतर प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे कला अकादमीच्या मिनी थिएटरमध्ये महिन्यातून एका रविवारी हे चित्रपट गिरणगावातल्या कुटुंबाला परवडेल अशा तिकिटात दाखवावेत. नवे स्मारक किंवा पुतळा मी मागत नाही. सुरुवात ‘कुंकू’पासून झाली, तर त्या सगळ्या मुलींना घेऊन पहिल्याच खेळाला येण्याची जबाबदारी माझी.

आपली नम्र,
लालबागमधील एक निवृत्त शिक्षिका