दिन्यास, हेस्टिंग्जची लढाई पाहून आल्यावर

रेडिंग,
ऑक्टोबरअखेर

प्रिय दिन्या,

गणपतीपासून तुझं पत्र टेबलावर पडून आहे. रागावू नकोस. प्रकृती ठीक, बीपीची गोळी चालू. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

हेस्टिंग्जला जाऊन आलो. १४ ऑक्टोबर १०६६ ला नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंडच्या हॅरॉल्डला हरवलं त्या गावाचं नावच बॅटल. विल्यमनं पुढे तिथं मठ बांधला. त्या मठाच्या आवारात ऑक्टोबरात हौशी मंडळी ती लढाई पुन्हा लढतात. कपडे स्वतः शिवलेले, तलवारी बोथट, अंगात लोखंडी कड्यांचं चिलखत. एकानं ते माझ्या हातात दिलं तर हात खालीच गेला रे! एवढं ओझं घेऊन चढ चढायचा, आणि वरून भाले येतायत. नकाशातले बाण हे कधीच सांगत नाहीत.

पण तुला लिहितोय ते पुढच्यासाठी. वर इंग्रजांची ढालीला ढाल लावलेली भिंत. नॉर्मन चढतात, आपटतात, मागे येतात. तेवढ्यात त्यांची डावी फळी फुटते आणि हूल उठते, विल्यम पडला! शेवट मला पाठ, तरी त्या गर्दीत तो कुठं दिसेना. मग त्यानं शिरस्त्राण वर करून तोंड दाखवलं आणि पळणारे थांबले. पाठलागाच्या नादात भिंत सोडून खाली आलेले इंग्रज मधेच कापले गेले. दिन्या, मला भाऊंची रिकामी अंबारी दिसली. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि मोकळी अंबारी बघून फौजेचा धीर सुटला. हॉस्टेलच्या गच्चीवर तू पळणाऱ्यांना नामर्द म्हणालास, मी म्हणत होतो की त्यांना दिसत काय असेल ते आधी सांग. पहाटेपर्यंत भांडलो, शेवटी रेक्टरनं पानिपत मिटवलं. आता इथं ये आणि त्या उतारावर उभा राहा. पुढच्याची पाठ आणि निशाण, याखेरीज शिपायाला काही दिसत नाही.

आता काळजीचं. खरी लढाई सकाळी नऊच्या सुमारास सुरू होऊन अंधार पडेपर्यंत चालली. इथली थोड्या वेळात उरकली, मेलेले उठले, कपडे झटकले, टाळ्या झाल्या. सगळ्यांत जोरात आमच्या चिकूच्या. तेव्हापासून घरात लाकडी तलवार आहे. शेजारचं पोरगं संध्याकाळभर मरतं आणि उठतं. तू म्हणायचास, मेलेले उठून वडापाव खायला जाणार असतील तर तो इतिहास नव्हे, जत्रा. ते डोक्यातून जात नाही. पण मला ते पटत नाही, कारण पुस्तकाला हात न लावणारा हा मुलगा आता विचारतो, २५ सप्टेंबरला उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला लढलेली हॅरॉल्डची माणसं इतक्या लवकर पुन्हा लढायला उभी कशी राहिली? त्यांच्या पायांना फोड आले नसतील? चिलखत त्यानंही उचलून पाहिलं होतं, म्हणून पडला हा प्रश्न. धडा वाचून पडला असता का? मास्तर आहेस, तूच सांग.

त्या मैदानावर एकच गोष्ट नव्हती, घरी जाणारा निरोप. हॅरॉल्डच्या आईचं नाव गीथा. तिचा एक मुलगा स्टॅमफर्ड ब्रिजला गेला, तोही हॅरॉल्डच्याच विरुद्ध लढताना. हेस्टिंग्जला हॅरॉल्ड धरून तीन गेले. तीन आठवड्यांच्या आत चार मुलगे! हॅरॉल्डच्या देहासाठी ती त्याच्या वजनाइतकं सोनं द्यायला तयार होती आणि विल्यमनं ते नाकारलं, असं विल्यमच्याच बाजूचा इतिहासकार लिहितो. आपल्याकडे दोन मोती गळाल्याचं ते पत्र आहे, तसंच हे. मला वाटतं टाळ्यांच्या आधी गीथा मैदानावर यायला हवी होती. सगळे पडलेलेच असताना. मेलेल्यांनी तोवर उठायचं नाही. मी हे चिकूला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, मग जेवायला काय आहे विचारलं. माझं ऐकून त्याला ते पोचत नाही, दिन्या, आणि मला याचीच धास्ती आहे.

बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा? राधाला दहावीसाठी शुभेच्छा सांग. दादाशी वाटणीचं एकदाचं बोलून टाक.

डिसेंबरात येतोय. चिकूला चार दिवस तुझ्या ताब्यात देतो. पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालव, आपण गेलो होतो तसंच, फक्त पाऊस नसेल. बाजीप्रभूंच्या आधी शिवा काशीदचं सांग, आणि सावकाश सांग. सोंग उघडं पडलं की मरण आहे हे ठाऊक असून तो पालखीत बसला, तिथं थांब आणि त्याला विचारू दे काय विचारायचं ते. मी मधे बोलणार नाही, शब्द देतो.

त्याच्या पायाला तिकडचे बूट बरे की इथूनच आणू, तेवढं लगेच कळव.

तुझा,
शिऱ्या